साथीच्या दिवसांत मनाचें स्वास्थ्य

(महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेपुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत रोगराईचा विषय काढणें कांहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामानें पुष्कळ वर्षें पाहिलीं त्यानें साथीही पाहिल्या, हें उघड आहे. जुन्या धर्मग्रामांतील मृतांच्या नोंदवह्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांना हें सांगावयास नको. एका वर्षाला चारपांच पानें पुरतात, असें वर्षानुवर्षें चालतें; मग एखाद्या पावसाळ्यानंतर पानांमागून पानें भरूं लागतात, अक्षर घाईचें होतें, आणि एकाच घराचें नांव आठवड्यांत तीनदां येतें. त्या पानांवर मेलेल्यांचीं नांवें आहेत. जे जगले, रात्र रात्र जागले, दाराला कडी लावून बसले, त्यांच्या मनाची नोंद मात्र कोणत्याही वहींत नाहीं. आज आम्हांस त्या न नोंदलेल्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे.

साथ शरीराला धरते हें सर्वांस ठाऊक आहे. ती मनालाही धरते, आणि कित्येकदां रोग गांवांत येण्यापूर्वींच ती मनाला धरते, हें आपण २०२० सालीं स्वतः अनुभविलें. पण तो अनुभव अजून इतका जवळचा आहे कीं त्याकडे नीट पाहतां येत नाहीं. म्हणून प्रथम थोडें दूर, सव्वाशें वर्षांहून अधिक मागच्या मुंबईंत जाऊं.

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं कांहीं रोगी तपासले. व्हिएगस हे मूळचे गोव्यांतील हडफडें गांवचे, आपल्याच धर्माचे, आणि त्याच वस्तींत व्यवसाय करणारे. तीव्र ताप, ग्लानि आणि जांघेंतील गांठ हीं लक्षणें पाहून हा ग्रंथिक ज्वर, म्हणजेच प्लेग आहे, असें त्यांनीं उघड सांगितलें. मोठ्या व्यापारी शहरांत असें नांव उच्चारणें कोणासच रुचण्यासारखें नव्हतें. परंतु इतर तज्ज्ञांनीं खात्री करून घेतली आणि डॉक्टरांचें निदान खरें ठरलें. पुढें धोबीतलावास त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. त्याच्यावरून आपल्यापैकीं पुष्कळ जण कामावर जातांना गेले असतील, पण पुतळा कोणाचा हें पाहण्यास कोण थांबतो! आम्हांस त्यांची आठवण मुद्दाम करावीशी वाटते ती याकरितां, कीं लोकांचीं मनें शांत राहावीं म्हणून सत्य झांकून ठेवावें, असें अनेक भल्या माणसांस वाटत असतें. घरांतल्या दुखण्याविषयींही आपण तसेंच करतों. पण झांकलेलें सत्य कुजबुजीच्या रूपानें बाहेर येतेंच, आणि कुजबूज सत्याहून नेहमींच मोठी होऊन येते.

त्या वेळीं प्लेगचा जंतु शास्त्रज्ञांस ठाऊक होता. हाँगकाँग येथें १८९४ सालीं येरसँ यांनीं तो शोधला होता. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवा तो माणसांत आणतात, हें सिमों यांनीं दाखविलें तें १८९८ सालीं. मधल्या काळांत शत्रु कोणत्या वाटेनें येतो हेंच कोणास कळत नव्हतें. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरांतून लाखो माणसें आगगाडीनें, गलबतानें, पायींसुद्धां बाहेर पडलीं, आणि कित्येकांच्या बोचक्यांबरोबर रोगही त्यांच्या गांवीं पोंचला.

मागें राहिलेल्यांची अवस्था याहून कठीण होती. १८९६ च्या ऑक्टोबरांत आर्थर रोडवरील रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं, त्याच्या शरीरांतून मोमियाई काढतात, अशा वावड्या शहरभर उठल्या होत्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरें तपासणें, रोगी उचलून नेणें, नातलगांना छावणींत ठेवणें, सामान जाळणें असे उपाय सुरू झाले. त्यांतील कांहीं उपाय वैद्यकदृष्ट्या योग्यही असतील. परंतु ते करणारा हात परका होता, आणि तो असें कां करतो हें समजावून सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाहीं. पुण्यास या तपासणीमुळें जो क्षोभ झाला त्याची परिणति २२ जून १८९७ रोजीं प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत झाली, हें आपण शाळेंत वाचलेलें आहे.

मोमियाईची गोष्ट ऐकून आज हंसूं येतें. हंसण्यापूर्वीं २०२० सालीं आपल्याच मोबाईलवर काय काय आलें हें आठवून पाहावें. कोणी लसणाचा उतारा सांगितला, कोणी कापराचा. इराणांत तर विषारी मद्य औषध समजून प्याल्यानें शेंकडों माणसें दगावलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें त्या वर्षाच्या फेब्रुवारींतच बजावलें होतें कीं रोगाच्या साथीबरोबर खऱ्याखोट्या माहितीचीही साथ पसरत आहे. निरक्षर गिरणी कामगारापाशीं निदान निरक्षरतेची सबब होती.

पण त्या जुन्या वावड्यांत एक दुःख दडलेलें आहे, तें पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. लोकांना मरणाची भीति होतीच. परंतु आपलें माणूस परक्यांच्या हातीं, आपणांपासून दूर, एकटें मरेल, आणि त्याचे शेवटचे संस्कारही आपल्या हातून होणार नाहींत, ही भीति त्याहून मोठी होती. हें ओळखल्यावर त्या वेळीं कोणत्या उपायांनीं लोक शांत झाले याचा उलगडा होतो. मार्च १८९७ मध्यें जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग समिति नेमली गेली. निरनिराळ्या समाजांना स्वतःचीं प्लेग-रुग्णालयें उघडण्यास उत्तेजन मिळालें, आणि तशीं अनेक रुग्णालयें उघडलीं. औषध कोठेंही तेंच होतें. खरें पाहतां रोग बरा करणारें औषध त्या काळीं नव्हतेंच. पण खाटेजवळ ओळखीचा चेहरा होता, पाणी देणारा आपल्या भाषेंत बोलत होता. तेथें रोग्याला नेऊं देण्यास लोक त्या मानानें लवकर तयार झाले.

लशीचीही हीच कथा. डॉक्टर हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस सिद्ध केली, तेव्हां १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. नंतर तिसरे आगाखान यांनीं ती चारचौघांसमक्ष आणि पुनःपुन्हां टोंचून घेतली, कारण त्यांच्या अनुयायांची भीति केवळ उपदेशानें जाण्यासारखी नव्हती. पुण्याकडे सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. ज्याच्या शब्दावर आपला विश्वास आहे असें एक माणूस पुढें येऊन उभें राहिलें, तर शंभर पत्रकांचें काम होतें.

आपल्या समाजापुरतें पाहावयाचें तर वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून आणि मुंबईच्या इतर ख्रिस्ती वस्त्यांतून जे क्रूस उभे आहेत, त्यांपैकीं कित्येक त्या प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. देवळांत मोठा जमाव करण्याऐवजीं शेजारीपाजारी संध्याकाळीं क्रुसापाशीं जमत, जपमाळ म्हणत, संत रोक व संत सेबास्तियन यांचा धांवा करीत आणि घरोघर जात, असें जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. या प्रार्थनेचा आत्मिक लाभ धर्मगुरु आम्हांपेक्षां चांगला सांगतील. आम्ही इतकेंच पाहतों कीं दिवसभर दाराआड भीत बसलेल्या माणसाला रोज एका ठरलेल्या वेळीं बाहेर पडून शेजाऱ्याचा आवाज ऐकावयास मिळे. आणि आज कोण आलें नाहीं, हेंही गल्लीला त्याच वेळीं कळे.

याहूनही बोधप्रद उदाहरण इटलींतील मिलान शहराचें आहे. तेथें १५७६ सालीं प्लेग आला. पुष्कळ बडे लोक शहर सोडून गेले. आर्चबिशप कार्लो बोरोमेओ, ज्यांना १६१० सालीं संतपद मिळालें, ते गेले नाहींत. साथ वाढली तेव्हां सर्वांनीं घरांतच राहावें असा हुकूम निघाला. देवळांत जातां येईना. तेव्हां बोरोमेओ यांनीं चौकाचौकांत वेदी मांडविल्या, अशा बेतानें कीं आसपासच्या घरांच्या खिडक्यांतून त्या दिसाव्या. मिस्सा चौकांत होई आणि लोक खिडकींतून तींत सामील होत. दिवसरात्रींत मिळून सात वेळां घंटा वाजे. घंटा झाली कीं माणसें आपापल्या खिडकीशीं येत. खालीं रस्त्यावरून एक जण लितानी सुरू करी आणि दोहों बाजूंच्या घरांतून तिला उत्तर मिळे. पलीकडच्या गल्लींतून, त्याच्याही पलीकडून तेंच उत्तर येई, आणि सारें शहर एका सुरांत बोलत आहे असें वाटे.

या योजनेंत केवढें शहाणपण होतें तें पाहा. घरबंदीचा नियम जसाच्या तसा पाळला गेला. धर्माच्या नांवाखालीं तो मोडावा, असें आर्चबिशपांनीं कोणास सुचविलें नाहीं. परंतु कोंडलेल्या माणसाचें मन कशानें बिघडतें हें त्यांनीं बरोबर ओळखलें. घरांत कोंडलेल्याचा दिवस सपाट होऊन जातो. सकाळ केव्हां झाली, दुपार केव्हां सरली हें कळेनासें होतें, आणि अशा सपाट दिवसांत चिंता पाण्यासारखी सर्वत्र पसरते. सात घंटांनीं त्या दिवसाला बांध घातले. शिवाय घरांतल्या माणसानें हांक दिली तर तिला उत्तर येत होतें. शरीरांत अंतर आणि आवाजांत सोबत, हें चारशें वर्षांहून पूर्वीं, तारायंत्र किंवा दूरध्वनि नसतांना साधलें. आम्ही आमच्या काळीं हातांत एवढीं साधनें असून किती जणांना खिडकींतून हांक दिली, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्याशींच विचारावा.

कारण मार्च २०२० मध्यें आपल्यावरही तोच प्रसंग आला. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. २७ तारखेच्या संध्याकाळीं, पाऊस पडत असतां, आतां दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या रिकाम्या चौकांत उभे राहिले, आणि त्यांनीं चिंतनासाठीं घेतला तो वादळांत सांपडलेल्या शिष्यांचा प्रसंग. त्या कथेंतील शिष्य भ्यालेले आहेत, आणि आपण भ्यालों हें त्यांनीं लपविलें नाहीं; त्यांनीं हांक मारली. १२ एप्रिलचा ईस्टर आपण बंद दारांआड केला. अंत्यविधीला वीसच माणसें, हा नियम तर ज्यांच्या घरीं त्या दिवसांत मृत्यु झाला त्यांना जन्मभर विसरतां येणार नाहीं. १८९६ च्या मुंबईकरांची जी सर्वांत मोठी भीति, तीच आपल्यापैकीं कित्येकांच्या वांट्यास आली: आपलें माणूस रुग्णवाहिकेंतून गेलें आणि त्याचा चेहरा पुन्हां दिसला नाहीं.

पुढें मार्च २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलें कीं साथीच्या पहिल्या वर्षांत चिंताविकार व नैराश्य यांचें प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनीं वाढलें, आणि तरुणांना व स्त्रियांना त्याची झळ अधिक लागली. संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं जागतिक आणीबाणी संपल्याचें सांगितलें. मनाची आणीबाणी मात्र अशी तारीख पाहून संपत नाहीं.

भीति म्हणजे काय हें थोडें समजून घेतलें पाहिजे. संकट दिसतांच हृदय जोरानें धडकूं लागतें, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठतात, भूक मावळते. पळण्यासाठीं किंवा झुंजण्यासाठीं ही शरीराची सिद्धता आहे, आणि वाट अडविणारा साप समोर असेल तर ती उपकारक आहे. पण सापाची गांठ घटकाभराची असते. साथ महिनोन्‌महिने चालते. शरीर इतके दिवस कमान ताणून बसलें म्हणजे झोंप उडते, विसर पडूं लागतो, क्षुल्लक गोष्टीवरून घरांत शब्दाला शब्द लागतो. हें सर्व शरीरधर्माप्रमाणें होतें. अशा माणसाला "तुझी श्रद्धा कमी पडली" असें म्हणणें निर्दयपणाचें आहे. आम्हीं तें आपल्या कानांनीं ऐकलेलें आहे, म्हणून येथें बोलतों. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा मान राखावयास सांगितलें आहे, आणि वैद्य केवळ शरीराचाच असावा असें तेथें म्हटलेलें नाहीं.

तेव्हां पुन्हां असा प्रसंग आला, आणि तो कधीं तरी येईलच, तर काय करावें? बातम्या ऐकाव्या, पण दिवसांतून दोनदां, विश्वासाच्या एकाच ठिकाणाहून. आणि निजण्यापूर्वीं मुळींच ऐकूं नयेत. कोणताही संदेश पुढें पाठविण्यापूर्वीं तो खरा कशावरून, हें स्वतःला विचारावें, आणि उत्तर सुचलें नाहीं तर तो तेथेंच थांबवावा. उठण्याची, जेवण्याची, कामाची, प्रार्थनेची वेळ घड्याळाप्रमाणें राखावी, बाहेर जावयाचें नसलें तरी अंघोळ करून कपडे बदलावे. हें क्षुल्लक वाटेल. पण मिलानच्या घंटा याहून निराळ्या नव्हत्या. छाती धडधडूं लागली तर श्वास सावकाश सोडावा, घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ द्यावा. येथें एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इटलींतील संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणणाऱ्यांचा श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला सुमारे सहावर येतो. योगाच्या मंत्रांनींही तसेंच होतें. आपल्या आजीबाईंनीं हें कोणत्याही यंत्राविना जाणलें होतें. मात्र जपमाळ घाईघाईनें उरकणाऱ्यांना हा लाभ होणार नाहीं, हें आम्ही नम्रपणें सुचवितों.

दारूविषयीं एकच वाक्य पुरे. ती चिंता रात्रीपुरती बुजविते आणि पहाटे दुप्पट करून परत आणून देते.

मुलांपाशीं खोटें बोलूं नये. तीं आपल्या शब्दांपेक्षां आपले चेहरे अधिक वाचतात, आणि आईवडील कुजबुजतात तें सर्वांत वाईट असणार असें धरून चालतात. त्यांना त्यांच्या वयाला पेलेल तेवढें खरें सांगावें, आणि घरांतलें एखादें लहानसें काम नेमून द्यावें. हें शेवटचें मोठ्यांनाही लागू आहे. ज्या घरांत कोणी शेजारच्या आजारी माणसासाठीं पेज करीत होतें, त्या घरांतला सूर २०२० सालींही निराळा होता, असें आमच्या पाहण्यांत आलें.

शोकाविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. त्या दिवसांत ज्यांना आपल्या मृतांचा निरोप नीट घेतां आला नाहीं, त्यांच्यापैकीं कित्येक जण अजूनही त्याविषयीं बोलत नाहींत. लोक म्हणतात, आतां वर्षें झालीं, कशाला आठवण द्यावी? आमचें मत उलट आहे. त्या माणसाचें नांव घेऊन विचारावें. तो कसा होता, शेवटच्या दिवसांत फोनवर काय बोलला, हें त्यांना सांगूं द्यावें. मिस्सा वाहतां आली नसेल तर आज वाहावी, कबरीवर आज जावें. यांत उशीर झाला असें होत नाहीं. रुग्णालयांतील परिचारिका, वॉर्डबॉय, आमचे कबर खोदणारे बांधव आणि शेंकडों अंत्यविधि चालविणारे धर्मगुरु यांनाही कोणी विचारलेलें नसतें. आपण समजतों कीं त्यांना संवय झाली आहे.

आतां वैद्याकडे केव्हां जावें? झोंप, भूक व काम यांचा बिघाड दोन आठवड्यांहून अधिक टिकला, रडूं आवरेनासें झालें, किंवा कशांतच राम वाटेनासा झाला, तर डॉक्टरांस दाखवावें, जसें आपण खोकला राहिला तर दाखवितों. कोणी जीव नकोसा झाल्याचें बोललें तर मात्र दोन आठवडे थांबूं नये, दोन तासही थांबूं नये; त्याला एकटें सोडूं नये. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें टेली मानस नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्रीं फोन केला असतां मोफत सल्ला मिळतो, आणि तो मराठींतूनही मिळतो. हा क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर कायम लिहून ठेवावा अशी आमची धर्मगुरूंना विनंति आहे. उद्यां साथ असो वा नसो.

आणखी एक विनंति आपणां सर्वांस आहे. साथ आल्यावर कोणत्या घरीं कोण एकटें आहे हें शोधीत बसण्यांत पहिले अमोल दिवस जातात. म्हणून प्रत्येक आळींतल्या दोघांनीं आपल्या आळीची एक यादी आतांच करावी. तींत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचीं नांवें असावीं, त्यांचा फोन, रोजचीं औषधें, घराची दुसरी किल्ली कोणापाशीं आहे तें, आणि परदेशीं असलेल्या मुलांचे पत्ते असावे. रोज त्यांना फोन कोण करील त्याचें नांव त्या नांवापुढें लिहावें, आणि त्यानें तो फोन पुढच्या आठवड्यापासूनच करूं लागावा, म्हणजे संकटांत तो आवाज परका वाटणार नाहीं. यादीची एक प्रत आळींत राहावी व एक धर्मग्रामाच्या कचेरींत द्यावी. कागद दाराजवळच्या मेजावर ठेविले आहेत. जातांना प्रत्येक आळीनें एक न्यावा.